मध्ये एक रात्र जाऊ दे

टेलरबाईंच्या दुकानात एक नियम होता, आणि तो ऐकला की नवं गिऱ्हाईक हमखास नाक मुरडायचं. माप घेतलं त्या दिवशी कापड कापायचं नाही. तुम्ही कितीही घाईत असा, कितीही बडे असा, बाहेर गाडी चालू ठेवून आलेले असा; माप आज, कात्री उद्या. ‘मध्ये एक रात्र जाऊ दे,’ एवढंच बाई म्हणायच्या आणि टेप गळ्यात टाकून पुढच्याला हाक मारायच्या.

नियम मूळचा त्यांच्या वडिलांचा. दुकान त्यांनीच थाटलेलं. त्यांचं म्हणणं असं, की छाती, कंबर, बाही हे आकडे कोणीही लिहून घेईल; ज्याला टेप ओढता येते त्या कुठल्याही शेंबड्या पोराला ते जमतं. पण माणूस उभा कसा राहतो, पोट आत ओढून माप देतो आणि दाराबाहेर पडला की सोडून देतो का, मान पुढे आहे का, एक खांदा पडलेला आहे का, हे आकड्यांत कुठून येणार? ते बघायचं, लक्षात धरायचं आणि झोपायचं. सकाळी कटिंगच्या टेबलापाशी उभं राहिलं की माणूस आपसूक समोर येतो, सुटलेल्या पोटासकट. बाई तरुण होत्या तेव्हा त्यांना हे म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. मग दुकान अंगावर पडलं आणि कळलं, की म्हातारा अगदी खरं बोलत होता. आदल्या दिवशी धावतपळत बघितलेला माणूस सकाळी खरोखर जास्त स्पष्ट दिसायचा. आता झोपेत त्याला कोण नीटनेटका करून ठेवतं, देव जाणे.

बाईंचे यजमान आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. गल्लीत त्यांना अजून सगळे ड्रायव्हरच म्हणतात. माणूस दिलदार, बोलायला गोड, पण एक दोष: घोरणं. घोरणं म्हणजे साधंसुधं नव्हे, भरलेली बस चढावर पहिल्या गिअरमध्ये निघाली की जसा आवाज येतो ना, तसं. बाईंनी संसारभर त्यावरून त्यांचा उद्धार केला. उशी फेकून मारली, नाक दाबलं, ‘उद्यापासून डेपोत झोपायला जा’ असं शेकडो वेळा सुनावलं. आणि गंमत बघा, एवढी आदळआपट करणाऱ्या बाई स्वतः त्याच घोरण्याच्या शेजारी ढाराढूर झोपायच्या. बोलता बोलताच त्यांचा डोळा लागायचा.

दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हरांच्या छातीत कळ आली. दवाखाना, धावाधाव, मोठं ऑपरेशन. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय म्हणावं? ‘शिलाई कशी घातलीय बघ.’ बाईंच्या डोळ्यांना धार लागलेली, पण उत्तर तयार होतं. ‘चालेल. मी असते तर जरा बारीक टाके घातले असते.’ आजूबाजूची माणसं हसली, आणि दोघांचा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर ड्रायव्हरांची सिगारेट सुटली, वजन उतरलं, आणि घोरणं पार बंद झालं. जो तो म्हणायचा, बाई, सुटलात. सुटल्या कसल्या. दुकानाच्या वरच्या त्या छोट्या खोलीत दिवा मालवला की अशी शांतता पसरायची, की बाईंच्या काळजात धस्स व्हायचं. आवाज नाही, म्हणजे श्वास तरी आहे ना? त्या कान देऊन ऐकायच्या. ऐकू आलं नाही की हळूच बोट नाकाशी न्यायच्या. गरम श्वास बोटाला लागला की परत आडव्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पण त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की आपण झोपतो. दिवा मालवतो, डोळे मिटतो, उजाडल्यावर उठतो, मग मधल्याला झोप नाही तर काय म्हणायचं? अंगवळणी पडलं की माणसाला आपलं दुखणंही दुखणं वाटत नाही.

आणि मग सकाळी टेबलापाशी माणसं यायची थांबली.

म्हणजे यायची, पण अर्धवट. खांदे दिसायचे तर मान नाही, पोट दिसायचं तर ते कोणाचं हे कळायचं नाही. बाई खडू हातात धरून कापडाकडे नुसत्या बघत बसायच्या. घरातही तेच. भाजीत मीठ दोनदा. शेजारीण समोर उभी, आणि तिचं नाव काही केल्या ओठांवर येत नाही. ड्रायव्हर याची मस्त टर उडवायचे. ‘आमच्या बाईसाहेबांना विसरण्याच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस आहे,’ ते पारावर बसल्यासारखे दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, ‘फक्त बक्षीस आणायला जायचं त्या विसरतील.’ बाई त्यांच्याबरोबर हसायच्या, पण ते हसू वरवरचं असायचं.

कारण आईचं असंच सुरू झालं होतं. आधी मीठ, मग नावं, मग घराची वाट. शेवटी शेवटी तर बाई घास भरवायला बसल्या की आई मोठ्या अदबीने विचारायची, ‘तुम्ही कोणाकडच्या?’ बाई रोज सांगायच्या, तुझी थोरली गं. आई मान डोलवायची आणि घास गिळून परत विचारायची. तेव्हा आईचं जे वय होतं तेच आता बाईंचं झालं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही खोटं नाही. एक दिवस आपण सकाळी उठू, या माणसाकडे बघू आणि त्याला विचारू, तुम्ही कोण. हे चित्र बाईंच्या मनातून हलत नव्हतं. त्या कोणाला बोलल्या नाहीत. बोललं की ते खरं होईल, असं त्यांना वाटायचं.

शेवटी ते चव्हाट्यावर आलं एका कोटामुळे.

एकाच दिवशी दोन कोटांची मापं आली होती. एक कोट पोस्टमनचा. ते निवृत्त होणार होते आणि निरोपाला त्यांना रुबाबात जायचं होतं. जन्मभर टपालाची पिशवी एकाच खांद्यावर वागवून त्यांचा उजवा खांदा चांगलाच पडलेला. असा खांदा असला की त्या बाजूला आतून जास्तीचं पॅड घालतात, म्हणजे कोट दोन्हीकडे सारखा दिसतो. दुसरा कोट एका तरुणाचा. पहिल्या नोकरीची मुलाखत होती त्याची. अंगाने अगदी सरळसोट पोरगा. बाईंनी दोघांनाही नीट बघितलं, नेहमीसारखी मध्ये रात्र जाऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी कापायला घेतलं. हात सराईत होता. शिलाई झकास झाली.

ट्रायलला तो तरुण आरशासमोर उभा राहिला. उजवा खांदा वर उचललेला. त्याने तो खाली दाबून बघितला, मग सरळ उभा राहिला, मग थोडा तिरका. कोट तसाच. बाईंचं नाव एवढं, की शंका घ्यायची ती त्याने स्वतःवरच घेतली. ‘बाई,’ तो ओशाळून म्हणाला, ‘माझा खांदा असा आहे हे मला कोणी कधी सांगितलंच नाही हो.’

बाईंनी आरशात बघितलं. आरशात तरुण उभा होता आणि त्याच्या अंगावर पोस्टमनचा खांदा होता.

‘खांदा तुझा चांगला आहे, बाळा,’ त्या कशाबशा म्हणाल्या. ‘चुकले मी. तुला नवा शिवून देते, मुलाखतीच्या आत.’ तो गेला, आणि बाई मशीनच्या स्टुलावर बसल्या त्या उठेचनात. ड्रायव्हर जेवायला बोलवायला खाली आले तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या, कोट मांडीवर घेऊन. बाईंनी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. मीठ, नावं, आई, सगळं. ‘मी तुम्हालाही विसरणार,’ त्या म्हणाल्या. ड्रायव्हरांनी दुकानाचं शटर ओढलं आणि चपला घातल्या.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी बाईंना तीन शब्द सांगितले, दिवा, बदक, खुर्ची, आणि म्हणाल्या, लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारते. मग इकडच्या-तिकडच्या गप्पा, रक्तदाब, जीभ दाखवा. विचारलं तेव्हा बाईंना दिवा आठवला आणि खुर्ची आठवली, कारण त्या खुर्चीवरच बसल्या होत्या. ‘मधलं काहीतरी पाण्यातलं होतं,’ त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

‘झोप कशी आहे?’ डॉक्टरबाईंनी विचारलं.

‘चांगली आहे. दिवा मालवला की आडवी होते ते उजाडल्यावर उठते.’

‘मी साक्षीदार आहे,’ ड्रायव्हर म्हणाले. ‘अगदी शांत झोपते.’

‘तेव्हा तुम्ही काय करत असता?’

‘मी? मी झोपलेला असतो.’

‘झकास साक्षीदार आहात,’ डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पुन्हा बाईंकडे वळल्या. ‘काल रात्री हे कसे झोपले?’

बाईंना आठवावंही लागलं नाही. ‘आधी डाव्या कुशीवर होते. मग खोकले आणि उताणे झाले. उताणे असले ना, की यांचा श्वास इतका बारीक होतो की कानावरच येत नाही. मग उठून पाणी प्यायले. समोरचा कुत्रा भुंकला तेव्हा हात हलवला, तेव्हा बरं वाटलं. पुढे बराच वेळ भिंतीकडे तोंड. पेपरवाला येऊन गेला तेव्हा घसा साफ केला त्यांनी.’

ड्रायव्हर बायकोकडे बघत राहिले.

‘आणि हे सगळं तुम्ही झोपेत बघितलंत?’ डॉक्टरबाईंनी हळू आवाजात विचारलं.

बाईंनी ती रात्र पहिल्यापासून मनात मोजून बघितली. खरंच की. मग आपण झोपलो कधी?

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. दिवसभर आपण जे बघतो-ऐकतो, त्यातलं बरंच गाढ झोपेत पक्कं होतं. अंथरुणात किती वेळ पडलात याला फारसा अर्थ नाही, झोप सलग आणि खोल लागली का, याला आहे. सारखी मोडणारी झोप असली की आदल्या दिवशीचं धड मुरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी लक्षही लागत नाही, म्हणजे नवं आत जातच नाही.

‘माझे वडील हेच सांगायचे,’ बाई म्हणाल्या. ‘त्यांना कारण ठाऊक नव्हतं, एवढंच.’ मग त्यांनी धीर करून विचारलं, ‘म्हणजे माझं आईसारखं नाही ना?’

‘नाहीच, असं आज तरी मी सांगणार नाही. खोटा धीर देऊन काय उपयोग? पण अशा मोडक्या झोपेवर तुमच्या आठवणीची परीक्षा घेणं अन्यायाचं आहे. आधी झोपा. काही महिन्यांनी परत या, मग बघू.’

परतताना दोघं बसथांब्याच्या बाकावर बसले. एक बस आली आणि गेली, दुसरी आली आणि गेली, ड्रायव्हर काही उठेनात. आयुष्यात त्यांनी एकही बस चुकवली नव्हती.

‘डेपोत ना, दोन गाड्या उभ्या असायच्या,’ ते एकदम म्हणाले. ‘एक बंद करून लावलेली, दुसरीचं इंजिन कोणीतरी बावळटासारखं चालूच ठेवलेलं. सकाळी बघावं तर दोन्ही जागच्या जागी. पण दुसरीच्या टाकीत डिझेलचा थेंब नाही. तू दोन वर्षं तशी उभी आहेस, आणि मी लोकांना हसून सांगत फिरतोय की बायको विसरभोळी झाली.’ त्यांनी बाहीने डोळे पुसले. ‘माझ्यापायी झालं हे.’

‘तुमच्यापायी कशाला, तुमच्या मुक्या नाकापायी,’ बाई म्हणाल्या. पण त्याही रडत होत्या. मरायची भीती वाटणाऱ्यापेक्षा त्याच्या मरणाची भीती वाटणाऱ्याची झोप जास्त उडते, हे त्या बाकावर बसून दोघांनाही कळलं.

कळलं म्हणून लगेच जमलं असं थोडंच असतं? ड्रायव्हर पहिल्यांदा खाली दुकानात झोपायला गेले. झालं, बाईंना आता जिना उतरून बोट लावायला जावं लागायचं. उपाय रोगापेक्षा भारी. मग त्यांनी बाईंना शास्त्रशुद्ध व्याख्यान दिलं, की माझं हृदय आता नव्यासारखं आहे, खुद्द सर्जननी सांगितलंय. बाईंनी ते नीट ऐकून घेतलं आणि जाग्याच राहिल्या. भीतीला व्याख्यान कळत असतं तर अजून काय हवं होतं?

मग एका दुपारी ड्रायव्हरांनी दुकान बंद केलं, मागच्या खोलीत सतरंजी अंथरली आणि म्हणाले, ‘जरा पाठ टेक. मीही पडतो.’ बाई आडव्या झाल्या. थोडा वेळ गेला, आणि शेजारून घोरणं सुरू झालं.

बाई ऐकत राहिल्या. एवढा संसार झाला, त्यांना कोण फसवणार? खरं घोरणं मध्येच अडकायचं, खडखडायचं, मग सुटायचं. हे आपलं एका लयीत, शाळेतल्या पाढ्यांसारखं. शिवाय मधून मधून घोरणारा माणूस आवंढा गिळत होता. ड्रायव्हर चक्क जागे होते. बायको झोपावी म्हणून एक आजारातून उठलेला माणूस भर दुपारी डोळे मिटून घसा खरवडत होता. बाईंना हसू आलं. जागा आहे, म्हणजे आहे. मग आपण कशाला पहारा द्यायचा? सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात, बाईंनी उठवलंही नाही. त्या झोपल्या. उठल्या तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागत होते आणि ड्रायव्हरांचा घसा पार बसला होता.

‘फार घोरलो का मी?’ त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

‘कानठळ्या बसल्या,’ बाई म्हणाल्या. ‘जरा गरम पाणी प्या.’

हा उद्योग किती दिवस चालला, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. दुपारची झोप पक्की झाली. मग रात्रीची हळूहळू सुधारली, जरा लांबली, जरा खोल गेली. सकाळी माणसं टेबलापाशी परत यायला लागली. त्या तरुणाचा नवा कोट वेळेत झाला, दोन्ही खांदे त्याचे स्वतःचे. पोस्टमनच्या कोटातही निरोपाच्या आत पॅड बसलं. त्यांना काही कळलंही नाही. डॉक्टरबाईंनी नवे तीन शब्द देऊन परत विचारलं तेव्हा बाईंनी तिन्ही सांगितले, वर ‘मागच्या वेळी बदक होतं’ हेही ऐकवलं. ‘आता घाबरायचं कारण दिसत नाही,’ डॉक्टरबाई म्हणाल्या.

पण रात्रीतून एखाददुसऱ्या वेळी बाईंचं बोट अजून नाकाशी जायचं. आणि उजाडल्यावर जिना उतरण्याआधी एकदा तर जायचंच; त्या स्पर्शानेच ड्रायव्हरांना रोज जाग यायची. तेवढं काही सुटत नव्हतं.

एके दिवशी दुकानात गर्दी नव्हती. ड्रायव्हर आरशासमोर उभे राहून स्वतःचा शर्ट दोन्ही बाजूंनी ओढून बघत होते. ‘बाईसाहेब, अख्ख्या गावाला शिवता. मलाही एखादा शर्ट शिवा की. या शर्टात मी आणि अजून एक जण आरामात मावू.’

बाईंनी गळ्यातली टेप काढली. नवऱ्याचं माप त्यांनी कधीच घेतलं नव्हतं, घ्यावं लागलंच नव्हतं. रुंद छाती, भक्कम मान, जरासं पोट, डोळे मिटून कापायच्या. ऑपरेशननंतर मात्र त्यांनी नवऱ्यासाठी एकही शर्ट शिवला नव्हता. माप घ्यायचं म्हणजे आता उरलेल्या माणसाकडे नीट बघायचं, आणि नेमकं तेच त्या टाळत होत्या. बोट लावायचं अंधारात, बघायचं नाही.

‘उभे राहा सरळ,’ त्या म्हणाल्या.

त्यांनी टेप लावली. छाती उतरलेली. मान बारीक. ड्रायव्हरांनी सवयीने पोट आत ओढलं. ओढायला पोट होतंच कुठे? खांदे पुढे आलेले, छातीवरचं दुखणं जपून जपून तसेच राहिलेले. बाईंनी सदऱ्याची बटणं सोडली आणि मधोमध उतरणाऱ्या त्या शिलाईवरून दिवसाउजेडी पहिल्यांदा हात फिरवला. टाके खरं तर सुबक होते. तेव्हा उगाच नावं ठेवली आपण. माणूस पहिल्यापेक्षा लहान झाला होता, पण तळहाताखाली ठोका खणखणीत पडत होता.

‘लगेच कापणार?’ ड्रायव्हरांनी विचारलं.

‘उद्या,’ बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खाली आल्या, शटर अर्धं वर केलं, चहाचं आधण ठेवलं आणि टेबलावर निळं कापड पसरलं. खडू हातात घेतला न घेतला तोच ड्रायव्हर समोर उभे राहिले. जुने नव्हेत, आत्ताचे. पुढे आलेले खांदे, बारीक मान, उगाच ओढलेलं पोट, सगळं लख्ख. बाईंनी पाठीला जरा जास्त कापड धरलं, छातीपाशी वण घासू नये म्हणून सैल ठेवलं आणि कात्री चालवली. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, एक बाही झाली. दुसरी बाही कापून होत आली तेव्हा त्यांचा हात थबकला. रात्रभरात आपल्याला एकदाही जाग आली नाही. आणि उठल्यावर आपण अंथरुणाकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

त्या जिन्याकडे बघत उभ्या राहिल्या. तेवढ्यात वर खोकल्याचा आवाज झाला, मग चपलांचा.

‘अगं, आज मला उठवलं नाहीस ते?’ ड्रायव्हर अर्ध्या जिन्यात येऊन म्हणाले. त्यांचे केस विस्कटलेले होते.

‘विसरले,’ बाई म्हणाल्या, आणि हा शब्द तोंडातून बाहेर पडताना त्यांना दोन वर्षांत पहिल्यांदाच भीती वाटली नाही.